डाव्या बाजूची रेघ

३ मार्च, मंगळवार

धाकट्या,

एका घोर अन्यायाची तक्रार गुदरण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. खुशाली नंतर पाहू. काल दुपारी तास संपवून घरी आलो. घशाला कोरड पडली होती, म्हणून सरबतात टाकायला बर्फ काढावा या निरुपद्रवी हेतूने फ्रीजरचं दार उघडलं. बर्फाच्या जागी लोखंड होतं. पोटात रबर भरलेल्या आखूड, जाड नळ्या, फडक्यात गुंडाळून, परीक्षेला बसलेल्या मुलांसारख्या ओळीने मांडलेल्या. बर्फाचा साचा बाहेर ओट्यावर, त्यात पाणी. आयुष्यभर न्यायशास्त्र शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या घरात कोमट सरबत प्यावं लागलं, याची नोंद कुठेतरी व्हावी म्हणून तुला कळवतो.

तुझ्या वहिनीकडे दाद मागितली. ती म्हणाली, "ओरडू नका. ते बुश आहेत. गार केले की आकसतात, मग आर्ममध्ये दाबून बसवता येतात." हे तिने अशा सहजतेने सांगितलं, जणू लग्न होऊन आली तेव्हापासून घरात वाटाण्यांऐवजी बुशच गोठवत आली आहे.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुमच्या पुतणीने. आणि तो डबा उघडू नका, त्यात ग्रीस आहे."

तर, खारूने. तिचं नाव पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर तू पत्र तिथेच मिटलं असतंस, म्हणून आधी बर्फ पुढे केला. आता एवढं वाचलंच आहेस तर उरलेलंही वाच.

तिने गाडीवरची ताडपत्री काढली आहे. होय, तीच गाडी. तुझी ती बुटकी, दोन दारांची, सुरू झाली की शेजारच्या घरातली भांडी वाजवणारी. अपघातानंतर चौकशीवाल्यांनी परत केली तेव्हा मला वाटलं होतं, अंगणात गंजून जाईल आणि आपण सगळे तिच्याकडे न पाहायला शिकू. पण खारूने वर्षभर पत्र्याच्या कामवाल्याच्या मागे लागून ती सरळ करून घेतली. आता दोन्ही बाजूंचे खालचे आर्म आणि त्यांचे सगळे बुश बदलते आहे. तुला गॅरेजातलं सांगायचं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं, पण मला परवाच कळलंय म्हणून मिरवून घेतो: गाडी ज्या हाताने चाक धरून ठेवते तो आर्म, आणि त्या हाताच्या खांद्यात जो रबराचा सांधा असतो तो बुश. सांधा ढिला झाला की हात चळतो, हात चळला की चाक. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तू घर सोडून गेल्याला दोन वर्षं होत आली. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मी तुला लिहितो आहे हे तिला सांगितलेलं नाही.

तुझा,
दादा

१० मार्च, मंगळवार

धाकट्या,

उत्तर नाही. असो. मौन हाही एक पक्ष असतो असं मी वर्गात सांगतो, आणि विद्यार्थी तोंडी परीक्षेत त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

माझी पदोन्नती झाली आहे. मी आता वजन आहे.

शनिवारी सकाळी खारूची हाक आली, "काका, रिकामे आहात ना? गाडीत या बसायला." मला वाटलं, पोरगी फिरवून आणणार. इस्त्रीचा सदरा घालून खाली गेलो. गाडी चारही चाकांखाली लाकडी ठोकळे घेऊन उभी, आणि गाडीखालून फक्त खारूचे बूट दिसत होते.

"चालवणाऱ्याच्या सीटवर बसा. आणि हलू नका."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"वाचलेलं चालेल का?"

"चालेल. पान उलटताना डुलू नका फक्त."

बसलो. एवढ्या पदव्या घेऊन मी गव्हाच्या पोत्याचं काम करत होतो, आणि पोत्याला निदान मान अवघडत नाही. तेवढ्यात खालून आवाज आला, "तुमचं आणि बाबांचं वजन साधारण सारखंच असेल ना?"

बाबा हा शब्द या घरात फार दिवसांनी उच्चारला गेला. मी म्हणालो, "त्याचं थोडं कमी, अक्कल वजा जाता." ती हसली. मग तिने मला नियम समजावला. तूच तिला शिकवलेला आहे, पण तिच्या तोंडून कसा येतो ते ऐक.

"चाक हवेत लटकत असताना आर्मचा बोल्ट शेवटचा आवळायचा नाही, काका. हाताने लावून ठेवायचा. मग गाडी चाकांवर उभी करायची, बसणाऱ्याचं वजन द्यायचं, आणि मग शेवटचा पीळ. कारण रबर ज्या स्थितीत आवळाल, त्याच स्थितीत ते चिकटून बसतं. लटकताना आवळलं तर गाडी खाली येताच ते पिळलं जातं, आणि पिळलेलंच राहतं. रोज थोडं थोडं फाटतं. बाहेरून काही दिसत नाही. गाडी तर मस्त पळते."

पान्याचा टक्क असा आवाज आला. ती सरकत बाहेर आली, खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली, पुन्हा आत गेली आणि नटावरून आर्मपर्यंत एक तांबडी रेघ ओढली. ज्याचा शेवटचा पीळ, त्याची रेघ: तुझ्या गॅरेजचा कायदा ती अजून पाळते. तुझी पांढऱ्या रंगाच्या पेनाने, तिची आईच्या नेलपॉलिशने. बाटली तीच आहे. तळाला आली आहे, थिनर घालून पुरवते.

मी नको ते विचारलं. खरं म्हणजे विचारायचं नव्हतं, तोंडातून निसटलं. "एवढं पक्कं ठाऊक असताना मग त्या वेळी..."

पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"उजवी बाजू मला लख्ख आठवते," ती म्हणाली. "उजवी पुरी करून गाडी खाली घेतली. आई बसली होती वजन म्हणून, तुमच्यासारखीच. गुणगुणत होती, मी ओरडले, हलू नकोस. मग डावी बाजू उचलली, नवा आर्म लावला, बोल्ट हाताने फिरवले. त्यापुढचं आठवत नाही, काका. आई बोलवत होती, आम्हाला कुठेतरी जायचं होतं. घाईत तसंच आवळलं असणार मी, वर असतानाच."

"आठवत नाही म्हणतेस आणि असणार म्हणतेस."

"बाबा म्हणाले ना, काम माझं होतं. म्हणजे माझंच."

मी पुस्तक उघडं धरून बसलो. पान उलटलं नाही.

दादा

१७ मार्च, मंगळवार

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांतलं पहिलं. मजकूर इतका आटोपशीर, की सूत्रकारांनी लाजेने मान खाली घालावी. "दादा, कोठीतली गोणी भंगारात दे. तिला दाखवू नकोस." ना सही, ना खुशाली. वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "निदान अक्षर तरी त्याचंच आहे."

मला मात्र बरं वाटलं. चौकशीवाल्यांनी परत दिलेले ते जुने आर्म पोरीच्या नजरेला पडू नयेत, एवढी काळजी तुला आहे, हे पाहून बरं वाटलं. भंगारवाल्याला निरोप दिला आहे.

आता जे मी दोन पत्रांत टाळलं ते लिहितो.

नवे आर्म लांबी कमीजास्त करता येणारे आहेत, हलके, आणि बुश कडक रबराचे. सुट्या भागांच्या दुकानात मी तिच्याबरोबर गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "ताई, रबर कशाला? हे प्लास्टिकचे घ्या, पिळण्याची भानगडच नाही. आयुष्यभर बघायला नको." ती म्हणाली, "मला रबरच पाहिजे. आयुष्यभर टिकायचीही गरज नाही." दुकानदार हसला. मी नाही हसलो. परतताना विचारलं, रबरच का? तर म्हणाली, "मुळात होतं ते रबर होतं. नाहीतर तुलना कशी होणार?"

कसली तुलना, हे चहा पिताना बाहेर आलं. तिला शर्यत लावायची नाही, गाडी विकायची नाही. डोंगर उतरून येणाऱ्या त्या रस्त्यावर, तिची आई गेली त्याच वळणावर, तू ज्या वेगाने जात होतास त्याच वेगाने तिला जायचं आहे, आणि तू जिथे ब्रेक लावलास तिथेच लावायचा आहे. २९ तारखेच्या रविवारी, पहाटेनंतर, रस्ता मोकळा असताना. गाडी सरळ निघाली तर सिद्ध होईल की वळणाचा दोष नव्हता, वेगाचा नव्हता, बाबांचा नव्हता. डाव्या बुशचा होता. म्हणजे तिचा.

"आणि गाडी गेली नाही सरळ, तर?"

"तर मग दोष वळणाचा."

"तू कुठे असशील ते कळायला?"

"तुम्ही असाल ना," ती म्हणाली, आणि बिस्किट चहात बुडवलं.

आमच्या शास्त्रात याला अन्वयव्यतिरेक म्हणतात. कारण असलं की कार्य होतं, कारण काढून घेतलं की होत नाही. मी हे फळ्यावर धूर आणि विस्तव काढून शिकवतो. त्यात कधी कुणाची मुलगी गाडीत बसवलेली नव्हती. शिवाय बघ, तिने युक्तिवाद कसा बांधलाय: वाचली तर दोषी, निर्दोष ठरायचं तर मरावं लागेल. मी असा पेपर काढला असता तर विद्यापीठाने मला घरी बसवलं असतं.

समजावलं. वहिनीने रागावून पाहिलं, रडून पाहिलं. किल्ली लपवली, तर दुसरी किल्ली खारूनेच बनवलेली निघाली. ती ऐकते, मान डोलावते, आणि पुन्हा गाडीखाली जाते.

ती तुझं ऐकेल. त्या दिवशी गाडीच्या सांगाड्यापाशी तपासनीस म्हणाला, "हे चाक लटकत असताना आवळलंय. कुणी केलंय?" तू कुबड्यांवर उभा होतास, सगळ्यांदेखत म्हणालास, "काम तिचं होतं." तिने फक्त "हो" म्हटलं. तुझ्या त्या तीन शब्दांवर ती दोन वर्षं उभी आहे. आता एवढंच म्हण, जाऊ नकोस. माफ केलं वगैरे लिहू नकोस हवं तर. नुसतं, जाऊ नकोस.

दादा

२४ मार्च, मंगळवार

हे पत्र कुरिअरने, घाईच्या सेवेने पाठवतो आहे. मिळताच वाच.

आज सकाळी भंगारवाला आला. खारू तारा आणायला गेली होती. त्याने गोणी कोठीतून ओढत ओसरीवर आणली आणि तोंड सोडून फरशीवर उपडी केली. दोन्ही आर्म, त्यांच्यातच अडकून राहिलेले बोल्ट आणि नट, सगळं वंगण आणि मातीने माखलेलं.

"माल चांगला आहे, सर. या डाव्याचं रबर मात्र वारलंय."

"बोलू नका," मी म्हणालो.

तो चपापला. त्याच्या हातात चिंधी होती. सवयीने तो नट पुसायला लागला, किती गंजलाय ते पाहायला. उजव्या आर्मच्या नटावर तांबडी रेघ निघाली. जुनी, विटलेली, पण तांबडी. पुढच्या नटावरही तांबडी. मग त्याने डावा आर्म उचलला.

मी त्याच्या हातातून तो काढून घेतला. स्वतः पुसला. रॉकेल आणून पुन्हा पुसला. खिडकीपाशी नेऊन, चष्मा काढून, चष्मा घालून पाहिला.

डाव्या बाजूच्या दोन्ही नटांवर पांढरी रेघ आहे, धाकट्या.

भंगारवाल्याला जुनी वर्तमानपत्रं देऊन वाटेला लावलं. मग ओसरीवर बसून मी सगळे पर्याय काढले, कारण दुसरं काही मला येत नाही. तपासनिसाने रेघ पाहिली असेल, पण रेघ कुणाची हे त्याला कसं कळणार? त्याने विचारलं, तू उत्तर दिलंस, त्याचं काम झालं. खारूने तुझं पेन वापरलं असेल? तू ते तिला हातात घेऊ देत नव्हतास. वरच्या खिशाला लावून फिरायचास, त्यावरून घरात चेष्टा व्हायची. तिसरा कुणी? त्या गॅरेजात तिसरा नव्हताच.

म्हणजे ती आणि तिची आई बाहेर गेल्या. गाडी डाव्या बाजूने उचललेली, बोल्ट हाताने लावलेले. तुला गाडी हवी होती. वजन म्हणून बसायला घरात कुणी नव्हतं. तू तसेच आवळलेस, रेघ ओढलीस, गाडी खाली घेतलीस आणि चक्कर मारून आलास. गाडी मस्त पळाली. कित्येक महिने मस्त पळत राहिली.

मी तुला बोल लावत नाही. घाई माणसाला होते. ज्याने नियम शिकवला त्याच्याच हातून तो एक दिवस मोडतो, यात नवल नाही. नंतर विसरलाही असशील. इतक्या गाड्या, इतके बोल्ट.

मी तिला सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर तिला स्वतःचा एक भाग परत मिळेल आणि बाप हातचा जाईल. तू सांगितलंस तर कदाचित दोन्ही राहतील. म्हणून आर्म पुन्हा गोणीत घालून माझ्या पलंगाखाली सरकवला आहे, आणि शनिवारी दुपारपर्यंत तुझी वाट पाहीन. फोन कर. मला नको, तिला कर. तिचा नंबर तोच आहे. तू करशील म्हणून बदललेला नाही.

दादा

२८ मार्च, शनिवार

धाकट्या,

कुरिअरवाल्यांनी सांगितलं की पाकीट गुरुवारी तुझ्या हाती पडलं. तुझी सही त्यांच्याकडे आहे. फोन आला नाही.

दुपारी खारू हवा तपासत होती. उद्यासाठी. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर डावा आर्म ठेवला आणि तिला हाक मारली.

"अहो काका, हे काय घरात आणलंत? काकू फाडून खाईल."

"बघ."

"मला नाही बघायचं ते."

"खारू, बघ."

ती उभ्या उभ्याच वाकली. आधी फाटलेलं रबर पाहिलं, तोंड फिरवलं. मग नट दिसला. तिने खिशातली चिंधी काढली, पुन्हा पुसलं, नखाने रेघेवर खरवडून पाहिलं. दुसरा नट पाहिला. मग खुर्ची ओढून बसली. वहिनी दारात उभी होती, हातातलं पातेलं तसंच.

"डावा ना हा?"

"डावा."

"पांढरी आहे."

"हो."

मला वाटलं होतं, रडेल. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती, आणि हळूहळू, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगते आहे अशी, म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा गाडी खाली होती. आईच म्हणाली, अगं, तुझं काम झालेलं दिसतंय. गाडी खालीच होती, काका." ते वाक्य तिने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा वहिनीने येऊन तिचं डोकं पोटाशी धरलं.

नंतर तोंड धुऊन आली आणि समोर बसली. तेव्हा तिने तो प्रश्न विचारला.

"बाबांना माहीत होतं हे?"

मी म्हणालो, "नाही."

लगेच म्हणालो, क्षणाचाही वेळ न लावता. "घाईत आवळून विसरला असेल. त्याच्या ध्यानीमनीही नसेल."

तिने मान डोलावली. उठून खुंटीवरची किल्ली काढली, स्वतःच्या खिशातली दुसरीही काढली, आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. "उद्या नाही जात," म्हणाली. मग आर्म वर्तमानपत्रात गुंडाळून गोणीत घातला, तोंड बांधलं, आणि गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना कळवू नका हं, काका. त्यांना नाही सहन होणार. आई गेली ती त्यांच्या हातून, हे कळलं तर ते जगायचे नाहीत. त्यापेक्षा माझ्याच नावावर राहू दे. मला सवय झालीय."

आता ती झोपली आहे, दिवसाढवळ्या, बुटांसकट. वहिनीने बूट काढायला नको म्हटलं, जागी होईल म्हणून.

तिने नको म्हणून सांगितलेलं मी तुला लिहितो आहे, कारण कळवण्यासारखं काही उरलंय की नाही हेच मला कळत नाही. तुझं कार्ड समोर ठेवलं आहे. गोणी भंगारात दे. तिला दाखवू नकोस. अकरा दिवसांपूर्वी वाचलं तेव्हा मला त्यात माया दिसली होती. शब्द तेच आहेत. मी पुन्हा पुन्हा वाचतो आणि दर वेळी माया शोधतो.

गाडीची काळजी मिटली. वळणाची मिटली. मी तिला "नाही" म्हणालो, आणि ती त्या एका शब्दावर विश्वास ठेवून झोपली आहे. मला भीती वाटते, धाकट्या, की मी खोटं बोललो. तपासनिसाने विचारलं तेव्हा तुला माहीत होतं.